नोंद कोणी करायची?

‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं तेव्हा विभावरी शिरूरकर या नावामागे कोण आहे, याचा वाचकांना पत्ता नव्हता. पुढे उलगडा झाला : मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे. तिन्ही नावांनी त्यांचं लेखन आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असतं. संगणकाच्या लेखी मात्र या तीन वेगळ्या व्यक्ती, आणि कोणीतरी तसं नोंदवेपर्यंत त्या तीनच राहणार.

अशा अडचणींवर उत्तर म्हणून ‘सिमँटिक वेब’ची कल्पना पुढे आली. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह मे २००१च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ती सविस्तर मांडली. वेबवरचा मजकूर माणसं वाचतात. यंत्रालाही त्याचा अर्थ लागावा म्हणून माहितीचा प्रत्येक तुकडा तीन पदांत मांडायचा. पुस्तक, त्याचा लेखकाशी संबंध, आणि लेखक. प्रत्येकाला जगभरात एकमेव असा पत्ता द्यायचा. ‘आरडीएफ’ ही त्यासाठीची पद्धत १९९९मध्ये प्रमाण ठरली, अशा साठ्याला प्रश्न विचारण्याची ‘स्पार्कल’ ही भाषा २००८मध्ये. अवजारं कधीचीच तयार आहेत. काम अडतं ते नोंद करणाऱ्याच्या टेबलावर.

जुन्या मराठी पुस्तकाचं एक मुखपृष्ठ घेऊ. त्यावर ‘शके १८५५’ छापलेलं आहे. चैत्र ते डिसेंबर असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन असेल तर एकोणऐंशी. महिना दिलेला नसेल तर १९३३ की १९३४, हे ठरत नाही. एकजण पहिलं साल घालतो, दुसरा दुसरं, आणि तिसरा घाईत इसवी सनाच्या रकान्यात १८५५च टाइप करतो. त्या काळीही मराठी पुस्तकं छापली जात होती, त्यामुळे संगणकाला काहीच खटकत नाही. पुस्तक पाऊणशे वर्षांहून मागे जाऊन बसतं, आणि त्या यादीवरून कोणी वाङ्मयाचा इतिहास लिहायला घेतला तर चूक तिथेही जाते.

अक्षरांचीही तीच तऱ्हा. ‘ॲ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतं : एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. खास सोय केलेली नसेल तर शोधताना एकाने दुसरं सापडत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या नव्या पद्धतीत आणताना जोडाक्षरं मोडतात, ती माणसानेच तपासावी लागतात.

नाव जुळवणं सगळ्यात नाजूक. ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची, ‘जोगवा’ आरती प्रभूंचा, माणूस एकच. दोन नोंदी ‘एकच’ म्हणून जोडायची सोय या तंत्रात आहे, पण ती सरसकट वापरली की कवितेची ओळख कादंबरीच्या ओळखीत विरघळते. टोपणनाव ही लेखकाने मुद्दाम घेतलेली भूमिका असते. विभावरींच्या बाबतीत तर ते संरक्षण होतं. म्हणून नाव कोणत्या पुस्तकावर आहे आणि त्यामागची व्यक्ती कोण, या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. वेळ जास्त लागतो, लागू द्यावा.

हा वेळ द्यायचा कोणी? जून २०११मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक शब्दावली आणली. पाककृतींच्या संकेतस्थळांनी ती चटकन उचलली, कारण शोधात पदार्थाचा फोटो आणि लागणारा वेळ दिसू लागला, वाचक वाढले. मोबदला दिसला की लोक नोंदी करतात. पण नुसता मोबदलाच दिसला की खोट्या नोंदीही होतात : पानाच्या पोटात दडवलेल्या ‘कीवर्ड्स’चा इतका गैरवापर झाला की क्रमवारी लावताना आपण ते पाहतच नाही, असं गूगलने २००९मध्ये जाहीर केलं. जुन्या मराठी ग्रंथाची नोंद अचूक केल्याने कोणाचाच धंदा वाढत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या ग्रंथांची सूची केली, ती केवळ निष्ठेपोटी. तेवढी निष्ठा प्रत्येक ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याकडून फुकटात मागणं अन्यायाचं आहे. सूचीकरणाला वेगळं मनुष्यबळ आणि वेगळा पैसा हवा; स्कॅनिंगच्या प्रकल्पात तो धरलेला नसेल तर प्रकल्प अर्धाच आहे.

थोडी सोय झालेली आहे. २०१२मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’वर एका व्यक्तीला एकच क्रमांक मिळतो, त्याखाली मराठी, इंग्रजी, कन्नड नावं आणि टोपणनावंही बसतात. कोणीही भर घालू शकतं, माहिती कोणालाही वापरता येते. नव्या पुस्तकांचं काम त्याहून सोपं आहे, कारण लेखक समोर असतो. प्रकाशकाने छपाईच्या वेळीच पहिल्या आवृत्तीचं साल, अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं नाव आणि भाषा, अनुवादक, संपादक आणि शब्दांकन करणारी व्यक्ती यांची स्वतंत्र नावं लिहून घ्यावीत. आयएसबीएन यासाठी पुरत नाही, तो आवृत्तीला मिळतो. पेपरबॅकला वेगळा, ई-बुकला वेगळा. या सगळ्या आवृत्त्या एकाच कलाकृतीच्या आहेत, हे आज सांगू शकतो तो प्रकाशकच.