दिवाळीचे अभयदान

आश्विन वद्य द्वादशी जवळ येऊ लागली, की चंद्रभागेच्या काठच्या आमच्या दर्यापुरात घराघरांतून चकलीच्या भाजणीचा वास दरवळू लागतो. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, बलिप्रतिपदेला गायगोधन होते. मुक्या जीवांचा मान ठेवल्यावाचून आपला दीपोत्सव पुरा होत नाही. त्या मानकऱ्यांत श्वानाचे नाव मात्र आपल्याकडे नाही. नेपाळात ते आहे. तेथे नरकचतुर्दशीला कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. त्या दिवसाला ‘कुकुर तिहार’ म्हणतात.

हा विषय आम्हांस सुचण्याचे कारण घरचेच आहे. आम्ही एकटे. चार पोथ्या, झांजा आणि मोत्या नावाचा एक गावठी कुत्रा एवढाच आमचा प्रपंच. पुण्याच्या पुतण्याचा निरोप आला आहे, “काका, यंदा दिवाळीला इकडेच या. मोत्याची मात्र तिकडेच कुठे सोय लावा.” निमंत्रण प्रेमाचे आहे आणि इमारतीतील लहान घराची त्याची अडचणही खरी आहे. सणाला रक्ताचे माणूस जवळ असावे, ही ओढ साठी उलटलेल्या एकट्या मनुष्यास किती असते, हे सांगणे नलगे. तथापि, जो वर्षभर आपल्या उंबऱ्याशी बसला, त्याला ऐन सणात परक्या दारी बांधून जावे काय?

वाचकहो, महाभारताच्या आरंभी एक कुत्रे आहे आणि शेवटीही एक आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात देवशुनी सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडविले. सरमेने शाप दिला, तोही मृत्यूचा नव्हे, तर अकल्पित भयाचा. निरपराध जीवाला भेडसावणाऱ्याच्या वाट्याला भयच येते, हा त्यातील अर्थ.

महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले. धर्मराजाबरोबर उरले ते एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिराने उत्तर दिले, की जो निष्ठेने मागे आला त्याला टाकणे हे महापातक होय; अशा मोलाने मिळणारा स्वर्ग मला नको. व्यासांनी या वृत्तीला ‘आनृशंस्य’ हा शब्द योजला आहे. निष्ठुर न होणे, हा त्याचा सरळ अर्थ. कुत्र्याच्या रूपात साक्षात यमधर्म होता, हे राजाला पुढे कळले; निर्णय त्याने आधीच केला होता.

आम्ही पुतण्याला कळविले आहे, की दिवाळी येथेच करू; भाऊबिजेनंतर तुम्हीच सहकुटुंब या. अनारसे तोवर टिकतील.

दिवाळीत मोत्याला एकटे ठेवणे जड जाते, ते फटाक्यांमुळे. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो, श्वानाचा सुमारे ४५,०००पर्यंतचा. आणि मंद आवाजही त्याला आपल्याहून दुरून ऐकू येतो. आपल्या कानठळ्या बसविणारा बार त्याला काय वाटत असेल! सण आहे, हे त्याला कोण सांगणार? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ नेमून दिली. परंतु भ्यालेल्या जीवाला दोन तासही पुष्कळ होतात.

ज्यांच्या घरी वा दारी कुत्रे आहे, त्यांनी दिवस मावळण्यापूर्वीच त्याला फिरवून आणावे. मग आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवावे, पाणी जवळ असू द्यावे. पलंगाखाली दडले तर ओढून काढू नये, रागावू नये. शांतपणे जवळ बसावे. गळ्याच्या पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा, कारण भ्यालेले कुत्रे दूर पळते आणि वाट चुकते. चॉकलेट व मनुका त्याला देऊ नयेत. त्या विषासारख्या बाधतात. त्यापेक्षा साधी पोळी बरी. मुलांना मात्र बजावून सांगावे, की शेपटीला लवंगी बांधणे ही गंमत नव्हे, क्रूरता आहे.

येथून जवळच, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध त्यांनी कीर्तनातून आयुष्यभर लोकांना समजाविले. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत पशुपक्ष्यांना अभय देणे हेही एक सूत्र आहे. अन्नदान, वस्त्रदान यांना पैका लागतो. अभयदानाला लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारातील एखाद्या जीवाचे भय आपल्या हातून दूर झाले, तर त्या घरची पणती अधिक उजळेल, यात आम्हांस शंका नाही.