मँचेस्टरचं पत्र : आपल्या गाठी जिथे सुटत

इंग्लंडमधलं एखादं जुनं शहर समजून घ्यायचं तर त्याच मुलखात वाढलेल्या माणसाबरोबर पायी हिंडावं. वाटाड्याचं काम इथे रीतसर शिकून करतात. अभ्यासक्रम असतो, लेखी परीक्षा असते, परीक्षकांना बरोबर घेऊन रस्त्यातून बोलत चालायची परीक्षा असते, आणि ती पार पडली की कोटावर लावायचा बिल्ला मिळतो. निळा बिल्ला मोठ्या प्रदेशाचा, हिरवा एखाद्या शहराचा. अशा एका बिल्लेवाल्या बाईंबरोबर मी मँचेस्टर पाहिलं. बाई साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची आजी बर्नली गावात मागावर कापड विणायची. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून एकमेकींशी बोलत. म्हातारपणी आजीला ऐकू येईनासं झालं, पण समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं वाचायची. बाईंनी आवाज न काढता दोन वाक्यं बोलून दाखवली आणि मग आम्हाला घेऊन निघाल्या.

अमरावती-अकोल्याच्या तरुणांना मँचेस्टर फुटबॉलमुळे ठाऊक असतं. मला मात्र इथे आपला कापूस शोधायचा होता. लिव्हरपूलच्या भावपत्रकात विसाव्या शतकातही ‘ऊमरा’ नावाचा माल असे. ते आपल्या उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं नाव. वऱ्हाडातला आणि आसपासचा आखूड धाग्याचा कापूस त्या नावाने जगभर विकला जाई. ज्या शहरात त्याचं सूत निघायचं, त्या शहराला त्याची आठवण आहे का, हा माझा प्रश्न होता.

सुरुवात सेंट पीटर्स चौकापासून. १६ ऑगस्ट १८१९ रोजी इथल्या मोकळ्या मैदानावर साठेक हजार माणसं मताचा हक्क मागायला जमली होती. त्यांत सूतगिरण्यांतले कामगार आणि हातमागाचे विणकर पुष्कळ. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले; अठरा जण गेले, शेकडो जखमी झाले. या ‘पीटरलू’च्या हत्याकांडाचं स्मारक उभं राहायला २०१९ उजाडलं. पायऱ्यापायऱ्यांचा गोल चौथरा, त्यावर गेलेल्यांची नावं आणि त्यांची गावं कोरलेली. बाई तिथे थांबून म्हणाल्या, “चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला यावर चढता येत नाही. समान हक्कासाठी मेलेल्यांचं स्मारक असं बांधायला नको होतं. आम्ही हे नगरपालिकेला तेव्हाच सांगितलं होतं.” आपल्याच गावाची उणी बाजू परदेशी पाहुण्यांसमोर इतक्या स्वच्छपणे सांगणं हा या देशाचा मला फार आवडलेला गुण. त्यात कुणाला गावाची बदनामी वाटत नाही. गावाची माहिती देणं म्हणजे तिथल्या भांडणांचीही माहिती देणं, असं इथे धरून चालतात. त्याच चौकात बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढलेल्या एमेलिन पँकहर्स्ट यांचा पुतळा आहे. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं ते १९२८ मध्ये, म्हणजे पीटरलूनंतर एकशे नऊ वर्षांनी.

पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉलची दर्शनी भिंत उभी आहे. आत आता हॉटेल आहे. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री या सभागृहात जी सभा झाली, ती वऱ्हाडच्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवल्यामुळे गुलामांच्या हातून पिकणारा कापूस इकडे येणं थांबलं. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखो माणसं मदतीच्या रांगेत उभी राहिली. या काळाला इथे ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणतात. पोटात अन्न नसताना या कामगारांनी सभा भरवून लिंकनला कळवलं की आम्ही तुमच्या बाजूला आहोत, गुलामगिरी जायलाच हवी. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना उत्तर धाडलं. जवळच ब्रेझनोज स्ट्रीटवर लिंकनचा उंच पुतळा आहे आणि त्या उत्तरातला मजकूर त्याच्या चौथऱ्यावर कोरला आहे.

बाईंचा आवाज इथे भरून आला होता. बरोबरीचंच दुसरं शहर लिव्हरपूल मात्र बहुतांशी दक्षिणेकडे झुकलेलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, “नंतर इजिप्तहून, हिंदुस्थानातून कापूस आला आणि गिरण्या हळूहळू सुरू झाल्या.” आणि त्या पुढे निघाल्या.

त्या एका वाक्यात आपला अख्खा मुलूख बसवलेला होता. चालता चालता मी त्यांना तो उलगडून सांगितला, आणि त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. सगळी भिस्त अमेरिकेवर नको, असं इथल्या गिरणीवाल्यांना युद्धाच्या आधीपासूनच वाटत होतं. टाउन हॉलसमोर ज्यांचा पुतळा आहे त्या जॉन ब्राइट यांनी १८४८ मध्ये हिंदुस्थानातल्या कापसावरच्या संसदीय समितीचं काम चालवलं. १८५७ मध्ये मँचेस्टरात कापूस पुरवठ्यासाठी एक संघच निघाला. पुढे मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापसाचा वेगळा कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब-खामगाव फाटा नि तिथला कापूस बाजार खुला झाला. त्याच साली समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला लागली. पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. आपण ज्या रुळांवरून आज प्रवास करतो ते कुणाच्या गरजेपोटी पडले, याचं उत्तर मला ब्रेझनोज स्ट्रीटवर जितकं स्पष्ट दिसलं तितकं बडनेऱ्याच्या फलाटावर कधी दिसलं नव्हतं.

आपला कापूस इथल्या कामगारांना आवडत नसे, हेही खरं. हिंदुस्थानी माल त्यांच्या लेखी सगळा ‘सुरती’. धागा आखूड, तो मागावर सारखा तुटणार, तुटला की सांधायचा, आणि मजुरी तर निघालेल्या मालावर. गाठीत सरकी, माती, वजन वाढवायला मारलेलं पाणी. देवाने कापूस द्यावा पण सुरती देऊ नये, अशी प्रार्थना त्या काळी होत असे, अशी गोष्ट लँकेशायरमध्ये अजून सांगतात. बाईंना ती पाठ होती. भेसळीला आळा घालायला मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला, हे त्यांना नवं होतं. अशी भेसळ बहुधा शेतकऱ्याच्या वावरापासून बंदरापर्यंतच्या वाटेवर, हातोहात होत जाई, आणि बोल मात्र कास्तकाराला लागे. हे मी जरा जोरानेच सांगितलं.

युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा येऊ लागला, भाव पडले. वऱ्हाडातली पऱ्हाटी मात्र वाढतच गेली. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेल्या, सारा रोखीने भरायचा, रोकड सावकाराकडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा सुपीक काळ्या मातीचा प्रदेश माणसं जगवू शकला नाही. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या पुस्तकात हीच गोष्ट मांडली आहे. लँकेशायरच्या ‘कापसाच्या दुष्काळा’ला पुतळा आहे, चौथरा आहे, रोज येणारे पाहुणे आहेत. कापसामुळे ज्यांच्या घरात धान्य उरलं नाही त्या आपल्या माणसांच्या नावाचा एक दगड मला वऱ्हाडात माहीत नाही.

तिथून सेंट अ‍ॅन्स चौक ओलांडून रॉयल एक्स्चेंज. सूत आणि कापडाचे सौदे इथे होत. घुमटाखाली एवढं प्रचंड दालन आहे की हजारो व्यापारी एका वेळी उभे राहून भाव बोलत. १९६८ मध्ये व्यवहार कायमचे थांबले. आज त्याच दालनाच्या मधोमध पोलाद आणि काचेचं गोल नाट्यगृह आहे; ते १९७६ पासून चालू आहे. आणि वर भिंतीशी तो जुना भावफलक तसाच ठेवलाय, शेवटच्या दिवसाचे आकडे लागलेले. मान वर करून मी बराच वेळ ते आकडे पाहत होतो. कापूस बाजारात हर्रासाच्या वेळी दलालाच्या तोंडाकडे टक लावून बसलेले कास्तकार मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांच्या भावाचा निर्णय शंभर वर्षांपूर्वी या दोन शहरांत होत असे. लिव्हरपूलला कापसाचा, इथे सुताचा. बाजाराला शिस्त लावायचे पहिले प्रयत्न मात्र आपल्याकडचे. १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमांखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांची मुळं तिथे आहेत, हे ऐकून बाईंनी वही काढली.

कॅथीड्रलसमोर गांधीजींचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे, २०१९ मध्ये बसवलेला, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांनी घडवलेला. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी मुद्दाम लँकेशायरला, डार्वेनला आले. परदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे काम गेलेल्या माणसांना भेटायला. तिथल्या गिरणीतल्या बायकांनी हात उंचावून त्यांचा जयजयकार केला, तो फोटो प्रसिद्ध आहे.

अँकोट्समध्ये कालव्याच्या काठाने लाल विटांच्या गिरण्या उभ्या आहेत. मरेज मिलचं काम १७९८ मध्ये सुरू झालं. धुरकट चिमण्या जिथे होत्या तिथे आता महागडे फ्लॅट आणि कॉफीची दुकानं. जुन्या इमारतींची सरकारी यादी असते, यादीत आलेल्या इमारतीत, आत काय नि बाहेर काय, मालकाला परवानगीशिवाय मनासारखे बदल करता येत नाहीत. नवा वापर करा, पण जुनं रूप राखा, असा रोख. आपल्या अकोल्यात, अमरावतीत बंद पडलेले जिन आणि प्रेस आपण पाडून टाकले, पत्रे भंगारात गेले. हे मला इथे फार लागलं.

व्हिटवर्थ स्ट्रीटवरची एक इमारत दाखवून बाई म्हणाल्या, “ही तुमच्यासाठी.” दारावर नाव, इंडिया हाउस. १९०६ ची वखार. परदेशी जाणारं कापड इथे गाठी बांधून रवाना होई. हिशोब पूर्ण झाला. बडनेऱ्याहून कापूस निघे आणि कापड होऊन त्याच रुळांवरून परत येई. ते आपले विणकर, कातणाऱ्या बायका यांचं काम घेऊन जाई. अकोटच्या सतरंज्यांसारखं थोडंफार टिकलं. बाकीचं सूत घराघरांतून गेलं.

शेवटी मी त्यांना शकुंतलेबद्दल सांगितलं. मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ, कापूस वाहण्यासाठी घातलेली किलिक-निक्सन कंपनीची ती अरुंद गाडी. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली याच मँचेस्टरात तयार झालं होतं आणि ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. १८३० मध्ये जगातली पहिली शहर ते शहर प्रवासी रेल्वे जिथे संपायची ते लिव्हरपूल रोड स्टेशन आता विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय आहे. बाई म्हणाल्या, “मी तिथेही लोकांना फिरवते. त्या इंजिनाबद्दल आजवर एकानेही विचारलं नाही. मला गावांची नावं लिहून द्या, उच्चारासकट.” मी त्यांच्या वहीत लिहिलं: अमरावती, बडनेरा, अकोला, मूर्तिजापूर, खामगाव, कारंजा. त्यांनी एकेक नाव मोठ्याने म्हटलं. ‘मूर्तिजापूर’ला तीनदा अडल्या, चौथ्यांदा नीट म्हटलं.

अमरावतीच्या एखाद्या कॉलेजातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बडनेरा स्टेशनपासून निघावं, कापूस बाजारातून, जुन्या जिनांच्या जागांवरून जावं, हमालांशी, अडत्यांशी, वेचणीला जाणाऱ्या बायकांशी बोलत जावं. अकोल्यात तर पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. आखूड धाग्याच्या देशी कपाशीची वाणं जपणारी माणसं तिथे आहेत. त्यांनाही या फेरीत बोलवावं. बाईंनी मला त्यांच्या फेरीचा नकाशा दिला आहे, परीक्षेचा अभ्यासक्रम कसा असतो तेही लिहून दिलं आहे. ज्यांना हवं त्यांनी संपादकांकडे कळवावं, मी प्रती पाठवतो. इकडे येणारांनी छत्री आणि जाड तळाचे बूट आणावेत, फेरी पावसातही थांबत नाही.

पुढचं पत्र लिव्हरपूलहून लिहीन. आंतरराष्ट्रीय कापूस संघटनेची कचेरी अजून तिथेच आहे, आणि टाउन हॉलमागच्या ज्या फरसबंद अंगणात उघड्यावर उभं राहून कापसाचे सौदे होत, तिथे चालून यायचं आहे.