पाणी ओसरलं, धसका राहिला

पावसाळा रंगात आला की सुरतमध्ये उकाई धरणाच्या पातळीची बातमी बाजारभावासारखी रोज वाचली जाते. ३४५ फूट म्हणजे धरण काठोकाठ, हे अनेकांना तोंडपाठ असतं. भुसावळजवळच्या हतनूरचे दरवाजे उघडले की तेच तापीचं पाणी पुढे उकाईत जातं. त्यामुळे सुरतच्या लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी माणसाचा जीव दोन्हीकडे टांगलेला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि बहुतेक शहर बुडालं. ते दिवस ज्याने गच्चीवर काढले, त्याला आजही नुसता आकडा ऐकून धडधडू शकतं.

याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं चुकीचं आहे. धोका ओळखणारा मेंदूतला अमिग्डाला विचाराच्या आधी जागा होतो. ‘हे तेव्हाचं, आजचं नव्हे’ हा संदर्भ हिप्पोकॅम्पस पुरवतो. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण त्या संदर्भाशी नीट जोडली जात नाही, असं मानलं जातं. मग माणूस बातमी टाळतो, नदीकाठ टाळतो, विषयही टाळतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण धोका टळला आहे हे मेंदूला शिकायची संधीच मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांची उपचारपद्धत नेमकी इथे हात घालते. रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो: पाणी जिन्यापर्यंत आलंय, दिवे गेलेत. उपचारक मधूनमधून विचारतो, आत्ता त्रास किती, शून्य ते शंभर? त्याचं ध्वनिमुद्रण रुग्ण घरी रोज ऐकतो. साधारण आठ ते पंधरा बैठकांत आकडा उतरू लागतो. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्याशेजारी ‘आता मी सुरक्षित आहे’ हे नवं शिक्षण उभं राहतं. म्हणून एखाद्या पावसाळ्यात धसका परतला तर उपचार फुकट गेले असं समजू नये.

शोकाचं गणित वेगळं. २४ मे २०१९ रोजी सुरतच्याच सरथाणातल्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. जीव वाचवायला उड्या मारणाऱ्या मुलांची दृश्यं देशभर पुन्हापुन्हा दाखवली गेली. मूल गमावलेल्या आईबापांच्या मनात भीतीपेक्षा ओढ असते. ही ओढ सहा महिन्यांनंतरही तितकीच तीव्र राहून रोजचं जगणं ठप्प करत असेल, आणि त्या समाजाच्या रीतीला धरूनही ती फार लांबली असेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘प्रदीर्घ शोक विकार’ म्हणते. मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांच्या सोळा बैठकांच्या उपचारात गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायला लावतात आणि त्याच वेळी स्वतःची एखादी इच्छाही पुन्हा हाती घ्यायला लावतात. २००५ च्या त्यांच्या चाचणीत यातून ५१ टक्के रुग्णांना फरक पडला, तुलनेतल्या उपचाराने २८ टक्क्यांना. ‘रडू नकोस, विसर आता’ हा आपल्याकडचा सल्ला या दोन्हींपैकी काहीच करू देत नाही.

उलट टोकही घातक. दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याचा फायदा अभ्यासांत दिसला नाही. काहींना त्रासच वाढला. पहिल्या दिवसांत निवारा, झोप आणि आपली माणसं हवीत.

स्वतःहून करण्याजोगं काही? मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातला सल लिहायला लावला. लिहून होताच मूड खालावला, पण पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम माफकच दिसला. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही.

‘इतक्या वर्षांनी काय सांगायचं?’ असं वाटून पुष्कळ जण फोन उचलत नाहीत. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर काही दशकांनी फोआ यांच्या पद्धतीचे उपचार झाले, आणि त्यांनाही गुण आला.