लेस ओळखायची ती भिंगाखाली

जुनी लेस हातात आली की मी आधी भिंग काढते. फुलांच्या भरीव भागात कापडासारखे उभे-आडवे धागे दिसले, तर ती बॉबिनची. उशीवर टाचण्या टोचून, लाकडी बॉबिनांवरचे धागे गुंफून केलेली, ब्रुज किंवा हॉनिटनसारखी. काजाच्या टाक्यांच्या ओळीच ओळी दिसल्या, तर सुईची. फ्रान्समधल्या आलाँसाँच्या फुलांची कड बोटाला ताठ लागते, कारण तिच्या आत घोड्याचा केस घालतात. इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही!

मागची जाळी मात्र वेगळी तपासा. जॉन हीथकोटने १८०९ मध्ये जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे हातची फुलं यंत्राच्या जाळीवर शिवू लागले. जुनी फुलंही कधी नव्या जाळीवर चढवलेली असतात. म्हणून नुसत्या जाळीवरून लेसचं वय ठरवू नका.