वयाच्या माथी मारलेली चूक

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यांत कारागिराला पैसे मिळतात ते नगावर. चाळिशी उलटली की सुईत दोरा ओवताना त्याचा वेळ जाऊ लागतो, शिलाई उसवावी लागते आणि ‘चाचा आता थकले’ असं बोललं जातं. खरं तर हात तेवढेच तयार असतात; डोळ्यातलं भिंग ताठर झालेलं असतं, त्यामुळे जवळचं नीट दिसत नाही. शिवाय साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. गडद निळं कापड, उंचावर टांगलेली ट्यूबलाइट. अडचण तिथं आहे.

आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या 751 मजुरांवर झालेला प्रयोग 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानतोड इतरांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली, पन्नाशीपुढच्यांची त्याहून अधिक. पण चष्मा लावला तर म्हातारा ठरवतील या धास्तीनं कुणी तो खिशातच ठेवत असेल, तर वयाबद्दलचा आकस थेट त्याच्या मजुरीतून कापला जातो.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांनी लक्षात घ्यावा असा अभ्यास जर्मनीतला आहे. ब्योर्श-झुपान आणि वाइस या संशोधकांनी ट्रक जोडणीच्या कारखान्यातल्या चुका तपासल्या. वयस्कर कामगारांच्या हातून किरकोळ चुका किंचित जास्त झाल्या, पण मोठी, महागात पडणारी चूक क्वचितच. साठीपर्यंत उत्पादकता घसरलेली दिसली नाही. अशा कारखान्यात रसायनं हाताळताना एक मोठी चूक जीव घेऊ शकते, म्हणून मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. पण ‘तुला काय कळतंय’ म्हणून नव्या पोराला गप्प करणं हाही वयाचाच भेदभाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालातही तरुणांना सोसावा लागणारा भेदभाव नोंदवला आहे. रसायनाची गळती आधी नव्या पोराच्या लक्षात आली, तर त्याचं ऐकलं गेलंच पाहिजे.

2007 मध्ये बीएमडब्ल्यूनं डिंगोल्फिंगच्या कारखान्यात जोडणीच्या एका रांगेवर सरासरी 47 वर्षांचे कामगार मुद्दाम नेमले. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, भिंगं, मोठी अक्षरं असे सुमारे 70 छोटे बदल केले, बरेचसे कामगारांनीच सुचवलेले. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली. कॅम्प पाचच्या गाळ्यात सुरुवात मशीनवर खाली आणलेल्या दिव्यानं आणि मालकाच्या खर्चानं होणाऱ्या डोळ्यांच्या तपासणीनं करता येईल.