एक्सेल उघडलं की पंखा का घोंगावतो?

कल्याणच्या मे महिन्यात घरातलीच हवा तापलेली. लॅपटॉपचा पंखा तीच आत ओढतो. तरी साध्या एक्सेलवर घोंघाट होत असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून बघा. चोर बहुधा वरच सापडतो: अपडेट, अँटिव्हायरस, नाहीतर ब्राउझरचे ढीगभर टॅब. तिथे सगळं शांत असेल, तर धूळ. ती जाळीमागच्या पातळ पत्र्यांत नमद्यासारखी बसते. लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं काडीने अडवून ब्लोअर मारा. मोकळं गरगरलं तर बेअरिंग जाऊ शकतं. शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, की बऱ्याच मशिनांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि पंख्यावरचा ताण घटतो. साध्या एक्सेलला ते कळतही नाही.