कळते, पण वळत नाही

सभेत सर्वांनी माना डोलवाव्यात आणि लावणीच्या दिवशी मात्र जुन्याच रीतीने भात लावले जावे, हा अनुभव भातपट्ट्यातील कार्यकर्त्यांस नवा नाही. अशा वेळी शेतकऱ्यास हट्टी म्हणून दोष दिला जातो. बारकाईने पाहता अडचण निराळीच असल्याचे आढळून येते.

चारसूत्री भातलागवडीचेच उदाहरण घ्यावे. दोरीवर १५ व २५ सेंटीमीटरच्या अंतराने आलटून पालटून खुणा करावयाच्या, एका चुडात दोन-तीनच रोपे लावावयाची आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचावयाची. यात न समजण्याजोगे काही नाही. परंतु हाताला सवय असते ती मिळतील तितकी रोपे धरून भराभर लावण्याची. दोरी आली की काम मंदावते, मजुरी वाढते. लावलेले खाचर प्रथम विरळ दिसते आणि येणारे-जाणारे हसतात. खर्च व उपहास आज पदरी पडतात. फुटवे आणि भरलेल्या लोंब्या पुढे दिसावयाच्या असतात. शिवाय प्रयोग फसला, तर जाते ते शेतकऱ्याच्या घरचे वर्षाचे धान्य, सल्ला देणाऱ्याचे नव्हे. अशी सावधगिरी हा अडाणीपणा नव्हे.

हे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात रायन व ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याच्या प्रसाराविषयी २५९ शेतकऱ्यांची पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाणे सरस असूनही ते दोघांखेरीज सर्वांच्या शेतांत पोहोचण्यास १९२८ ते १९४१ इतका काळ लागला. बहुतेकांनी आधी थोड्याच जमिनीत ते पेरून पाहिले. नव्या बियाण्याची वार्ता पुष्कळांना विक्रेत्यांकडून कळली. पण मन वळले ते मुख्यतः शेजाऱ्यांच्या अनुभवाने.

यावरून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सभेला पुरुष येतात, पण लावणी बहुधा स्त्रियांच्या हातून होते. ज्या हातांनी सवय बदलावयाची, त्यांनाच सभेत बोलावले जात नाही. म्हणून लावणीच्या बायकांना आधी बोलवावे आणि दोरी व गोळी प्रत्यक्ष हाताळू द्यावी. दुसरे, सबंध खाचराचा आग्रह न धरता एका गुंठ्यापासून आरंभ करावा, म्हणजे चुकले तरी घरच्या कणगीला धक्का बसत नाही. तिसरे, कापणीच्या वेळी शेजाऱ्यांना बोलावून नव्या व जुन्या रीतीच्या सारख्याच क्षेत्राचे भात निरनिराळे झोडावे आणि सर्वांदेखत वजन करावे. जे वजन निघेल, तेच सांगावे.

सवय ही उपदेशाने सुटत नाही. पाय टेकावयास जागा दिसली, म्हणजेच माणूस पुढचे पाऊल उचलतो. ती जागा एका गुंठ्याचीही पुरते.